हेडसेटच्या ऑर्डरआधी मुलांची पीडी (दोन बाहुल्यांमधलं अंतर) मोजा : गोव्यातील मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापनांना खुलं पत्र

प्रति,
गोव्यातील माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक, शाळांची व्यवस्थापन मंडळं आणि पालक-शिक्षक संघ

प्रत : शिक्षण संचालनालय, पर्वरी

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी काहींच्या टेबलावर सध्या व्हीआर लॅबची, म्हणजे डोळ्यांवर बांधून आभासी जग दाखवणाऱ्या हेडसेटच्या लॅबची, कोटेशनं आहेत. दहा-वीस हेडसेट, चार्जिंगचं कपाट, शिक्षकांसाठी टॅब, वर प्रशिक्षण. त्यात किंमत असते, वॉरंटी असते, रिझोल्यूशन असतं, धड्यांची लांबलचक यादी असते. ज्या डोळ्यांवर ही यंत्रं बसणार त्या डोळ्यांविषयी मात्र एक ओळ नसते. फोंड्यात माझं चष्म्यांचं दुकान आहे आणि आत नेत्रतपासणीची खोली. तिथे येणाऱ्या पालकांनी अशी कोटेशनं मला मोबाइलवर दाखवली, काही मुख्याध्यापकांनी फोन करून विचारलं, "मॅडम, हे घ्यावं का?" प्रत्येकाला तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहावं म्हणून हे पत्र.

माझा व्हीआरला विरोध नाही. राज्य सरकारच्या सायबरएज योजनेतून विद्यार्थ्यांच्या घरी संगणक आले, पुढे सहावी ते आठवीला कोडिंग आणि रोबोटिक्स आलं. त्यानंतर व्हीआर येणार हे उघड होतं, आणि यावंच. माझं म्हणणं इतकंच, की हेडसेट मुलांच्या डोळ्यांना सोसेल की नाही, हे बरंचसं खरेदीच्या कागदावरच ठरून जातं. यंत्र एकदा दारात आलं की मग आपल्या हातात उरतं ते मुलांना "सवय होईल" असं सांगणं. सगळ्यांना ती होत नाही, आणि ज्यांना होत नाही त्यांचा त्यात काही दोष नसतो.

सुरुवात साहेबांपासूनच करते. विक्रेता शाळेत येतो, मुख्याध्यापकांच्या डोक्यावर हेडसेट चढवतो, पाच मिनिटं फिरवून आणतो. साहेब हेडसेट काढून म्हणतात, "छान आहे हो, काही त्रास नाही." ते खरंच बोलत असतात. अडचण अशी, की साहेबांचं वय बावन्न आहे.

बोट हातभर अंतरावर धरा आणि हळूहळू नाकाकडे आणा. दोन्ही डोळे आत वळत जातात, आणि त्याच वेळी डोळ्यांतली भिंगं फुगीर होऊन बोट स्पष्ट ठेवतात. वळणं आणि फोकस करणं ही दोन कामं कायम जोडीनं चालतात. एक हललं की दुसरं आपोआप हलतं. हेडसेटमध्ये ही जोडी फुटते. आतली स्क्रीन डोळ्यांपासून काही सेंटिमीटरवर असली, तरी तिच्यापुढच्या भिंगामुळे चित्र एका ठरलेल्या अंतरावर असल्यासारखं फोकस करावं लागतं. मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्समध्ये ते अंतर २ मीटर आहे. इतर अनेक हेडसेटमध्येही ते साधारण सव्वा ते दोन मीटरच्या पट्ट्यात येतं. आता जीवशास्त्राच्या धड्यात मुलानं बेडकाचं हृदय 'हातात' घेतलं आणि पाव मीटरवर आणलं. डोळे वळतात पाव मीटरसाठी, फोकस मात्र दोन मीटरवरच ठेवावा लागतो, नाहीतर चित्र धूसर होतं. मेंदू दोन्हींची तडजोड करत राहतो आणि थोड्या वेळानं कपाळ धरतो.

चष्म्याच्या नंबराचं जे एकक, त्या डायऑप्टरमध्ये हे मोजता येतं, कारण डायऑप्टर म्हणजे एक भागिले मीटरमधलं अंतर. पाव मीटर म्हणजे ४, दोन मीटर म्हणजे अर्धा. फरक साडेतीनचा. अर्ध्या डायऑप्टरच्या आसपासचा विसंवाद बहुतेक डोळे निभावून नेतात, साडेतीनचा नेत नाहीत. हे नुसतं कागदी गणित नाही. बर्कलीतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मार्टिन बँक्स यांच्या गटानं वळण्याचं अंतर आणि फोकसचं अंतर जुळवता किंवा फोडता येईल असा डिस्प्ले वापरून प्रयोग केले. दोन्ही फोडल्यावर डोळ्यांचा शीण वाढतो आणि त्रिमितीय चित्र जुळायलाही जास्त वेळ लागतो, हे त्यांनी २००८मध्ये प्रसिद्ध केलं. २०११मध्ये त्याच परंपरेतल्या अभ्यासानं सोसवणाऱ्या पट्ट्याच्या सीमा आखून दिल्या. त्रिमितीय चित्रं दाखवणारं पहिलं उपकरण, व्हीटस्टन यांचा स्टिरिओस्कोप, १८३८चं आहे. म्हणजे हा पेच व्हीआरपेक्षा पुष्कळ जुना. फक्त तेव्हा तो कोणी शाळेच्या तासाला मुलांच्या डोक्यावर बांधत नव्हतं.

आता साहेबांचं वय. डोळ्यातलं भिंग फुगण्याची किमान ताकद किती असावी याचं एक सोपं सूत्र आम्ही वापरतो : पंधरातून वयाचा चौथा भाग वजा करा. बारा वर्षांच्या मुलाला मिळतात १२ डायऑप्टर, बावन्न वर्षांच्या माणसाला २. म्हणजे साहेबांची भिंगं आता फारशी हलतच नाहीत, म्हणून तर ते जवळच्या नंबराचा चष्मा लावतात. डोळे आत वळले तरी फोकसची ओढाताण त्यांच्यात होणार कुठून? मुलांच्या डोळ्यांत ती पुरेपूर होते. चाळिशी लागलेल्या माणसानं बाराव्या वर्षाच्या डोळ्यांसाठी हेडसेट पास करू नये, एवढं या सूत्रावरून मी म्हणू शकते. चाचणी सहावी-सातवीतल्या मुलांवर घ्या, पालकांना विचारून, आणि त्यांना नंतर एकेकटं विचारा. सगळ्यांसमोर विचारलंत तर पहिला जे म्हणेल तेच उरलेले म्हणतील.

या गणितातून खरेदीचा एक निर्णय थेट निघतो, तो म्हणजे कुठले धडे घ्यायचे. फोकस दोन मीटरवर असेल तर एक मीटरपासून क्षितिजापर्यंतचं सगळं अर्ध्या डायऑप्टरच्या आत बसतं. मायक्रोसॉफ्टही होलोलेन्ससाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना वस्तू सव्वा ते पाच मीटरमध्ये ठेवायला सांगते. तेव्हा तांबडी सुर्ल्याच्या कदंबकालीन मंदिरासमोर उभं राहणं, जुन्या गोव्याच्या चर्चच्या आतून छत पाहणं, ग्रहमाला, ज्वालामुखी, समुद्राचा तळ हे डोळ्यांना सोपं जातं. हातात धरायचं हृदय, नाकासमोर फिरणारा रेणू, तळहातावरचा किडा हे अवघड. गंमत म्हणजे विक्रेते नेमकं हेच दाखवतात, कारण ते पाहून पाहणारा हरखून जातो. यादीतले शंभर धडे मोजण्याऐवजी त्यातले किती एका मीटरच्या अलीकडे घडतात, ते विचारा. उत्तर लगेच मिळणार नाही. मिळालं तर तो विक्रेता ठेवून घेण्याजोगा आहे.

दुसरी गोष्ट पीडीची. दोन बाहुल्यांमधलं अंतर म्हणजे पीडी. चष्मा करताना आम्ही ती मोजतो, कारण काचेचं केंद्र बाहुलीसमोर यावं लागतं. हेडसेटमध्येही तसंच. भिंगाचं केंद्र आणि बाहुली यांची गाठ पडली नाही तर चित्र पुसट दिसतं, कडांना रंगीत झालर येते, नजर फिरवली की दृश्य लवल्यासारखं वाटतं, आणि वस्तू किती लांब-जवळ आहे याचा अंदाजही चुकतो. मोठ्या माणसांची सरासरी ६३ मि.मी. आहे. माझ्याकडे येणाऱ्या अकरा-बारा वर्षांच्या मुलांची पीडी पंचावन्न-छप्पनच्या घरात असते, चणीनं लहान असलेल्या मुलींची त्याहूनही कमी. फेसबुकच्या (आताच्या मेटाच्या) २०२०मध्ये आलेल्या क्वेस्ट २ या हेडसेटमध्ये भिंगांच्या तीनच जागा होत्या : ५८, ६३ आणि ६८. त्याच कंपनीच्या आदल्या वर्षीच्या रिफ्ट एसमध्ये तर भिंगं हलवायची सोयच नव्हती. नंतरच्या क्वेस्ट ३मध्ये चाक फिरवून हवं ते अंतर लावता येतं, हे बरं झालं. मोबाइल आत सरकवायच्या स्वस्त खोक्यांत पुष्कळदा भिंगं घट्ट चिकटवलेली असतात.

मुलींचा मुद्दा मी मुद्दाम काढला. व्हीआरमध्ये बायकांना जास्त मळमळतं असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, आणि कारण म्हणून काय काय पुढे केलं गेलं ते इथे लिहीत नाही. २०२०मध्ये के स्टॅनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची छाननी केली. तेव्हा मुख्य कारण निघालं ते हे, की हेडसेटची भिंगं अनेक बायकांच्या पीडीला जुळतच नव्हती. जुळणी झाली तेव्हा बायका आणि पुरुष सारखेच ठरले. पुरुषी मापाचं यंत्र आणून सातवीतल्या मुलीला "तू नाजूक आहेस" म्हणणं आपल्या शाळांत तरी होऊ नये. कोटेशनमध्ये 'पीडी ॲडजस्टेबल' एवढ्यावर समाधान मानू नका; कमीत कमी किती मिलिमीटर आणि जास्तीत जास्त किती, हे आकड्यांत लिहून घ्या.

चष्म्याबद्दल दोन गैरसमज सारखे भेटतात. पहिला शिक्षकांचा : "स्क्रीन डोळ्यांना चिकटलेली आहे, याला मायनस नंबर आहे, मग चष्मा काढला तरी दिसेल." दिसणार नाही. चित्र फोकसला दीड-दोन मीटरवर आहे, आणि मायनस दोनचा नंबर असलेल्या मुलाला चष्म्याशिवाय अर्ध्या मीटरपलीकडचं धूसर दिसतं. चष्मा हवाच, आणि तो आत मावायलाही हवा. हेडसेटबरोबर चष्म्यासाठीची वेगळी चौकट मिळते ती मागून घ्या, नाहीतर चष्म्याची काच आणि हेडसेटचं भिंग दोन्ही एकमेकांना ओरखडतात. दुसरा गैरसमज पालकांचा : "इतक्या जवळ स्क्रीन, पोराचा नंबर वाढणार." वर सांगितलेल्याच कारणासाठी डोळ्याला ते 'जवळ' नाहीच. मला त्याहून काळजी वाटते ती तासाच्या अदलाबदलीची. चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्तीची उघड्यावर काढायला लावली, तेव्हा तीन वर्षांनंतर त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागला होता. इतर मुलांत हे प्रमाण ३९.५ टक्के होतं. हा अभ्यास २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या शाळा दुपारी दीडच्या आसपास सुटतात, वेळापत्रक आधीच दाटलेलं असतं, आणि नव्या तासाला जागा करताना पहिला बळी पीटीचा जातो. व्हीआरसाठी तो देऊ नका.

आता मळमळ. चोर्ला घाटातून बेळगावला जाताना मागच्या सीटवर मोबाइलमध्ये मान घालून बसलेलं पोर ओकतं, आणि गाडी चालवणारा बाप ठणठणीत असतो. पोराच्या कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव प्रत्येक वळण नोंदवतो, डोळे मात्र स्थिर स्क्रीनवर असतात. व्हीआरमध्ये नेमकं उलटं : डोळ्यांना वळणं दिसतात आणि कान सांगतो की आपण बाकावर बसलोय. साक्षी दोन, मेळ नाही, आणि पोटाला निकाल द्यावा लागतो. म्हणून बसल्या जागी पळवणारे, उडवणारे, घसरवणारे धडे टाळावेत. मूल स्वतः मान वळवेल तेवढंच दृश्य वळावं, आणि एका ठिकाणाहून दुसरीकडे जायचं तर दृश्य एकदम बदलावं, तरंगत नेऊ नये. रोलर कोस्टर दाखवून हेडसेट विकणाऱ्यांचं मला नवल वाटतं. आपल्या मालाचा सगळ्यांत वाईट नमुना पुढे करून गिऱ्हाईक पटवणारा हा एकमेव धंदा असावा.

यात यंत्राचाही वाटा आहे. मान वळवल्यापासून चित्र बदलेपर्यंत २० मिलिसेकंदांहून जास्त वेळ जाऊ नये, असं या क्षेत्रात मानतात. सेकंदाला ९० चित्रं हा चांगल्या हेडसेटचा मापदंड झाला आहे. मोबाइलच्या खोक्यात आणखी एक वैगुण्य असतं : ते फक्त मान वळल्याचं ओळखतं, पुढे झुकल्याचं नाही. मूल नीट पाहायला पुढे वाकतं तेव्हा अख्खं जग त्याच्यासोबत पुढे सरकतं, आणि अस्वस्थपणा तिथूनच सुरू होतो. गूगलनं २०१४मध्ये आणलेलं पुठ्ठ्याचं कार्डबोर्ड २०२१मध्ये स्वतःच विकायचं थांबवलं. स्वस्तात मिळतात म्हणून तसली पन्नास खोकी घेण्यापेक्षा चांगले पाच हेडसेट घ्या आणि मुलांना आळीपाळीनं द्या. नाहीतरी प्रत्येकानं सलग दहा मिनिटांच्या वर घालू नये असं माझं मत आहे. मोठ्यांची गोष्ट वेगळी.

त्रास मोजायचं साधनही तयार आहे. रॉबर्ट केनेडी आणि सहकाऱ्यांनी १९९३मध्ये विमानचालकांच्या सिम्युलेटरमधल्या अनुभवांवरून १६ लक्षणांची प्रश्नावली केली : डोकेदुखी, डोळ्यांवर ताण, धूसर दिसणं, घाम, मळमळ, गरगरणं वगैरे; प्रत्येकापुढे अजिबात नाही, थोडं, मध्यम, फार असे चार पर्याय. जगभर आजही हीच वापरतात. ती सोप्या मराठीत आणि कोकणीत एका पानावर छापा, तासाआधी एकदा आणि नंतर एकदा भरून घ्या. महिनाभरात आपल्याकडे कुठल्याही विक्रेत्याच्या माहितीपत्रकापेक्षा खरी माहिती जमेल. आणि व्हीआरचा तास शेवटचा ठेवू नका. काही मुलांचा तोल नंतरही थोडा वेळ जाग्यावर नसतो, आणि सुटल्या सुटल्या त्यांना सायकलवरून हमरस्त्यावर जायचं असतं.

सातवीतल्या एका मुलाची गोष्ट सांगते. शाळेचं नाव महत्त्वाचं नाही. रसायनाच्या धड्यात शिक्षकांनी विचारलं, रेणूतला कुठला अणू तुमच्या जवळ आहे? बाकीच्यांनी बोट दाखवलं, यानं शेजाऱ्याचं ऐकून सांगितलं. पुढच्या वेळीही तसंच. त्याला वाटायचं, सगळ्यांना असंच सपाट दिसतं आणि बाकीचे अंदाजानं सांगतात. आई त्याला माझ्याकडे घेऊन आली ती डोकेदुखीसाठी. एका डोळ्याचा प्लस नंबर बराच जास्त निघाला आणि तो डोळा आळशी झालेला होता, म्हणजे मेंदूनं तो नीट वापरायचाच सोडला होता. दोन्ही डोळे मिळून खोली दिसणं, म्हणजे काय जवळ आणि काय लांब ते कळणं, त्याच्या वाट्याला आलंच नव्हतं. पहिली-दुसरीत कळलं असतं तर उपचार सोपा होता. अशी मुलं जवळजवळ प्रत्येक शाळेत असतात, तिरळेपणा असलेली, किंवा वाचताना डोळे एकत्र आत वळवायला कष्ट पडणारी. हेडसेटमध्ये त्यांना एकतर सपाट दिसतं, नाहीतर दोन-दोन दिसतं, आणि ती गप्प बसतात. खरं तर हेडसेट अशा मुलांचा शत्रू नाही. २०२१मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेनं चार ते सात वर्षांच्या मुलांच्या आळशी डोळ्यासाठी ल्युमिनोपिया ही हेडसेटवरून द्यायची उपचारपद्धती मंजूर केली. तीत चांगल्या डोळ्यापुढचं चित्र फिकं करून मागे पडलेल्या डोळ्याला कामाला लावतात. पण तो उपचार झाला, डॉक्टरच्या देखरेखीखालचा. शाळेनं करायचं काम एवढंच, की ज्याला खोली दिसत नाही किंवा ज्याचं डोकं पुन्हा पुन्हा दुखतं त्याला तपासणीला पाठवावं. जवळचं आरोग्य केंद्र आहे, बांबोळीला गोमेकॉचा नेत्रविभाग आहे.

म्हणूनच हेडसेट न घालण्याची मुभा हवी, आणि ती कारण न विचारता. हेडसेटमध्ये दिसणारं दृश्य वर्गातल्या मोठ्या स्क्रीनवर दाखवता येतं. न घालणाऱ्या मुलांनी ते पाहावं आणि त्याच गुणांसाठी त्याच प्रश्नांची उत्तरं लिहावीत. संमतीपत्र पालकांच्या भाषेत असावं. सत्तरीतल्या किंवा पेडण्यातल्या आईला इंग्रजी फॉर्मवर सही करायला लावून आपण फक्त आपली कातडी वाचवतो. त्यात फीट येत असल्याची चौकशी असावी. १९९७मध्ये जपानात पोकेमॉनच्या एका भागातल्या लाल-निळ्या लखलखाटानं शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं, आणि तो तर खोलीच्या कोपऱ्यातला साधा टीव्ही होता. वयाचंही पाहा. सोनी आपल्या प्लेस्टेशन व्हीआरसाठी किमान १२ वर्षं सांगते, ॲपल व्हिजन प्रोसाठी १३. मेटानं २०२३पासून १० ते १२च्या मुलांना परवानगी दिली, पण पालकांनी सांभाळलेल्या खात्यावर. पाचवीच्या वर्गात हेडसेट नेण्याआधी, ज्यानं तो बनवला त्याचंच म्हणणं वाचलेलं बरं.

रिझोल्यूशनचे आकडे ऐकून दबून जाऊ नका. निरोगी नजरेला अंशामागे साधारण ६० पिक्सेल लागतात तेव्हा कुठे चित्र प्रत्यक्षाइतकं रेखीव वाटतं. क्वेस्ट २मध्ये ते वीसच्या आसपास होते, क्वेस्ट ३मध्ये पंचवीसच्या. चित्रं पाहायला ते पुरतं, पाठ्यपुस्तकाचं पान वाचायला नाही. मजकूर पुस्तकातच वाचू द्या.

काही कोटेशनांत एआर चष्मेही आहेत, ज्यांतून खरं जग दिसतं आणि त्यावर अक्षरं तरंगतात. हे चष्मे प्रकाश मिसळू शकतात, काळं काढू शकत नाहीत. आपल्या मे महिन्याच्या उन्हात, जिथे लाखभर लक्सचा उजेड असतो, अक्षरं विरून जातात. शाळेत त्यांची अडचण वेगळी. पुस्तक एक फुटावर, अक्षरांचा फोकस दोन मीटरवर. डोळा एकावर लागला की दुसरं धूसर. यापेक्षा साधा टॅब बरा. टॅबच्या कॅमेऱ्यातून पुस्तकातल्या आकृतीवर नावं उमटतात तेव्हा आकृती आणि नावं दोन्ही एकाच काचेवर असतात, वळणं आणि फोकस करणं एकत्रच राहतं, किंमतही कमी. दिसायला मात्र भारी दिसत नाही, हे मान्य.

"पुढच्या मॉडेलमध्ये हे सगळं सुटणार आहे," असं विक्रेता सांगेल. सुटावं म्हणून लोक झटतायत हे खरं. मॅजिक लीपनं २०१८मध्ये दोन वेगवेगळ्या अंतरांवर फोकस देणारा चष्मा आणला. त्याच वर्षी, तेव्हा फेसबुकच्या असलेल्या ऑक्युलसनं हाफ डोम नावाचा नमुना दाखवला, ज्यात नजर कुठे आहे ते ओळखून स्क्रीन मागे-पुढे सरकायची. प्रत्येक वस्तूचा प्रकाश तिच्या खऱ्या अंतरावरून आल्यासारखा उभा करणारे लाइट फील्ड डिस्प्लेही प्रयोगशाळांत आहेत. शाळेला परवडेल अशा हेडसेटमध्ये यातलं काही नाही. शाळेला खरेदी करायची आहे ती आजच्या यंत्राची, तेव्हा प्रश्नही आजच्या यंत्राबद्दलचेच. ज्यांना कागदी आधार लागतो त्यांच्यासाठी : त्रिमितीय चित्रांमुळे येणारा डोळ्यांचा शीण कमी कसा करावा यावर आयएसओ ९२४१-३९२ हे मानक २०१५चं आहे, आणि दृश्यामुळे होणाऱ्या मळमळीवर ९२४१-३९४ हे २०२०चं. संचालनालयानं आपल्या खरेदीच्या अटींत या दोन मानकांचा उल्लेख केला, तर एकेकट्या शाळेला विक्रेत्याशी हुज्जत घालावी लागणार नाही.

दोन गोष्टी खास आपल्या हवेच्या. पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या भिंगांना जशी बुरशी धरते तशीच हेडसेटच्या भिंगांनाही धरेल; बंद कपाटात सिलिका जेल ठेवा आणि चवथीच्या सुट्टीत ते कपाट कुणीतरी उघडून पाहायला हवं. उन्हाळ्यात उलटा धोका : खिडकीतून आलेलं ऊन हेडसेटच्या भिंगावर पडलं तर ते आतल्या स्क्रीनवर एकवटतं आणि कायमचा डाग पडतो. भिंगं कधीच उघडी ठेवू नयेत. डोळे येण्याची साथ असेल, २०२३च्या पावसाळ्यात देशाच्या अनेक भागांत होती तशी, तर लॅब सरळ बंद ठेवा. एरवीही चेहऱ्याला लागणारा भाग पुसता येईल अशा रेक्झिनसारख्या कापडाचा घ्या. फोमचा भाग घाम शोषतो आणि पुढच्याला देतो.

हे सगळं वाचून एखाद्याला वाटेल, एवढा कुटाणा कोण करणार? यातलं सर्वांत महत्त्वाचं काम सर्वांत स्वस्त आहे. पीडी मोजायला मिलिमीटरची एक पट्टी आणि मुलामागे एक मिनिट लागतं. आकडा मुलाच्या हँडबुकच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला, की शिक्षकाला हेडसेट लावताना नुसतं चाक फिरवायचं राहतं. वर्षाला एकदा पुन्हा मोजायचा, कारण मुलं वाढतात. फोंडा तालुक्यातली जी शाळा ऑर्डर देण्याआधी कळवेल तिथे मी स्वतः येऊन मोजून देईन आणि दोन शिक्षकांना शिकवूनही ठेवीन, काही पैसे न घेता. म्हापसा, डिचोली, मडगावच्या माझ्या व्यवसायबंधूंना विचारलं तर तेही नाही म्हणणार नाहीत असं वाटतं. सकाळी नऊनंतर दुकान असतं, म्हणून पहिल्या दोन तासांतली वेळ द्यावी. आणि विक्रेत्याला त्याच दिवशी बोलावलंत तर उत्तम. पट्टीवरचे आकडे आणि कोटेशनमधले आकडे शेजारी ठेवून बोलता येईल.

आपली,
फोंड्यातील एक ऑप्टोमेट्रिस्ट